केळुस्कर गुरुजी : पोराची पारख करणारा माणूस



आपल्या विहारात दरसाल दहावी-बारावी पास झालेल्या मुलामुलींचा गुणगौरव होतो. स्टेज बांधतात, माईक लागतो, पाहुणे येतात, ट्रॉफ्या वाटल्या जातात, फोटो निघतात. ही चांगली चाल आहे, ती बंद पडू नये असेच आमचे म्हणणे आहे. पण सत्कार कुणाचा करावा, कशासाठी करावा आणि सत्कार झाल्यावर पुढे काय करावे, हे तीन प्रश्न आम्हांला दरवर्षी पडतात. त्यांचे उत्तर एका शाळामास्तराने आपल्या वागण्यातून सव्वाशे वर्षांच्या आसपास आधीच देऊन ठेवले आहे. त्या मास्तरांचे नाव कृष्णाजी अर्जुन केळुस्कर. बाबासाहेबांच्या चरित्रात त्यांचे नाव दोन-तीन पानांत येऊन जाते. आपल्याला ते 'बाबासाहेबांना बुद्धाचे पुस्तक देणारे गुरुजी' एवढेच माहीत असतात. म्हणून या स्मरणिकेत त्यांची हकीकत जरा सविस्तर सांगावी असे आम्ही ठरवले.

केळुस्कर गुरुजींचा जन्म २० ऑगस्ट १८६० रोजी वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावी झाला. हे गाव आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात येते. आपल्या वस्तीतली कितीतरी घरे कोकणातून पोटासाठी मुंबईला आली, तसे तेही मुंबईला आले आणि इथेच शिक्षक झाले. गिरगावातल्या विल्सन हायस्कूलचे शिक्षक म्हणून लोक त्यांना ओळखत. शाळा सुटली की मास्तरकी संपली असे मानणारे ते नव्हते. पगारी नोकरी सांभाळून त्यांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. १८९६ साली त्यांनी तुकारामांचे चरित्र लिहिले. १८९८ साली गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. पुढे १९०६-०७ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांचे भले मोठे चरित्र लिहिले. मराठीत महाराजांचे असे सविस्तर चरित्र त्याआधी झाले नव्हते. १९२१ साली त्याच्या आधाराने प्रा. तकाखाव यांनी इंग्रजीत ग्रंथ केला आणि महाराजांची कीर्ती परमुलखात गेली.

आता या तीन पुस्तकांचे विषय बघा. तुकाराम, बुद्ध आणि शिवाजी महाराज. एकाने आपल्या वाणीने बहुजनांना शहाणे केले, एकाने माणसाला माणूस म्हणून उभे केले, एकाने रयतेचे राज्य केले. असली माणसे निवडून त्यांच्यावर लिहिणारा मास्तर जातीची उतरंड मानणाऱ्यांतला नव्हता, हे सांगायला नको. गुरुजी आपल्या समाजात जन्मलेले नव्हते. तरी त्यांनी आपल्या समाजाच्या एका पोरासाठी जे केले ते फार थोड्यांनी केले असेल.

ते पोर म्हणजे भीमराव. सुभेदार रामजी सकपाळ कुटुंब घेऊन मुंबईला आले आणि परळ भागात डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. ती खोली कशी होती हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. स्वयंपाक तिथेच, सरपण तिथेच, जाते तिथेच, झोपायचे तिथेच. अभ्यासाला कोपरा नाही. मग सुभेदारांनी एक तोड काढली. संध्याकाळी पोराने लवकर झोपायचे, बापाने जागत बसायचे आणि रात्री दोनच्या सुमारास पोराला उठवून त्याच्या जागेवर आपण पडायचे. घर निजलेले असताना चिमणीच्या उजेडात भीमराव पहाटेपर्यंत वाचत बसे. आम्ही गिरणीत तिसरी पाळी केलेली माणसे आहोत. रात्री दोन वाजता डोळे उघडे ठेवणे म्हणजे काय असते ते आम्हांला ठाऊक आहे. पण आम्हांला त्याचा पगार मिळत होता, साच्याचा आवाज झोपू देत नव्हता. हे पोरगं मात्र कुणाच्या सक्तीशिवाय जागत होतं. आणि पुस्तकांसाठी पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत.

शाळा होती एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी आणि नावाजलेली. पण तिथेही जात पाठ सोडत नव्हती. एकदा मास्तरांनी भीमरावला फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर वर्गातल्या पोरांनी गलका केला, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. डबे बाजूला काढून घेतले, तेव्हा कुठे फळ्याला हात लावता आला. संस्कृत शिकायची इच्छा होती, तीही पुरी होऊ दिली नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. म्हणजे ज्या शाळेने या पोराला शाबासकी द्यायची त्या शाळेत त्याला डबा विटाळणारा म्हणून बघितले जात होते.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. घरी जागा नाही, मग बागेतले बाक हाच त्याचा वाचनाचा कोपरा. त्याच बागेत केळुस्कर गुरुजीही वाचायला आणि बसायला येत. एक मुलगा रोज येतो, दंगामस्ती करत नाही, गप्पा छाटत नाही, पुस्तकात डोके घालून बसतो, हे त्यांच्या नजरेत भरले. त्यांनी एक दिवस जवळ जाऊन त्याची चौकशी केली. नाव काय, शाळा कुठली, काय वाचतोस, असे विचारता विचारता जात कळली. जात कळल्यावर त्या काळी लोक दोन पावले मागे सरत. गुरुजी दोन पावले पुढे आले. त्यांनी भीमरावला चांगली चांगली पुस्तके वाचायला द्यायला सुरुवात केली, काय वाचावे आणि कसे वाचावे हे सांगायला सुरुवात केली.

इथे जरा थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. गुरुजींनी भीमरावची पारख केली तेव्हा त्यांच्यापुढे मार्कलिस्ट नव्हती. पोराचा निकाल लागलेला नव्हता. त्यांनी पाहिली ती सवय, पाहिला तो नाद, पाहिली ती वागणूक. रोज येणे, शांत बसणे, वाचणे. शील आणि कष्ट या दोन गोष्टी त्यांनी बागेतल्या बाकावर ओळखल्या.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. किती मार्क पडले ठाऊक आहे? ७५० पैकी २८२. टक्केवारी काढली तर ३७.६ येते. त्या काळची मॅट्रिक फार कठीण, त्या परीक्षेची आजच्या परीक्षेशी तुलना करता येत नाही, हे खरेच. अस्पृश्य समाजातल्या पोराने मॅट्रिक होणे हीच तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. तरी आपल्या मनाला एकदा विचारून बघू या. आज आपल्या मंडळाच्या फलकावर आपण ७५ टक्क्यांच्या वरच्यांनी नावे द्यावीत असे लिहितो. त्या फलकाखाली ३७.६ टक्क्यांचा भीमराव उभा राहिला असता, तर आपण त्याचे नाव लिहून घेतले असते का? का त्याला पुढच्या वर्षी बघू म्हणून वाटेला लावले असते?

तेव्हाच्या लोकांनी मात्र त्याला वाटेला लावले नाही. त्यांनी सत्कार केला. त्या सत्काराची हकीकत दोन प्रकारे सांगितली जाते. चरित्रकार सांगतात की मॅट्रिक झाल्याबद्दल ही सभा भरली, अध्यक्ष सीताराम केशव बोले होते आणि केळुस्कर गुरुजींनी तिथे भीमरावला आपले बुद्धचरित्र भेट दिले. हे बोले म्हणजे गिरणी कामगारांसाठी कामगार हितवर्धक सभा काढणारे आणि १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणणारे. त्याच ठरावाच्या जोरावर पुढे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली आपल्या बुद्धावरच्या इंग्रजी ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात ही सभा इंग्रजी चौथी पास झाल्याबद्दल झाली आणि दादा केळुस्कर हेच अध्यक्ष होते असे आठवणीने नोंदले आहे. परीक्षा कुठली आणि अध्यक्ष कोण याबद्दल फरक पडतो. पण गुरुजींनी बुद्धाचे पुस्तक दिले, याबद्दल कुठेही दुमत नाही.

त्याच प्रस्तावनेत बाबासाहेबांनी एक फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. समाजाच्या लोकांनी सभा घ्यायचे ठरवले तेव्हा सुभेदार रामजींनी साफ नकार दिला. पोराने एक परीक्षा पास केली, त्यात एवढे काय, अशाने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे पडले. लोक हिरमुसले, पण गप्प बसले नाहीत. ते केळुस्कर गुरुजींकडे गेले. गुरुजी सुभेदारांचे स्नेही होते. त्यांनी मध्ये पडून सुभेदारांची समजूत घातली आणि मग सभा झाली.

आम्हांला वाटते, या वादात दोघांचेही खरे होते. सुभेदारांची भीती खोटी नव्हती. नुसते हारतुरे आणि स्तुतीची भाषणे झाली की पोराला वाटते आपण गड जिंकला आणि अभ्यास सुटतो. आपण हे डोळ्यांनी पाहतो. दहावीला ट्रॉफी घेतलेले पोर बारावीला गळते, कारण ट्रॉफी कपाटावर जाते आणि पोर नाक्यावर जाते. पण समाजाचेही खरे होते. ज्या समाजाला हजारो वर्षे कुणी शाबासकी दिली नाही, त्याने आपल्या लेकराच्या पाठीवर हात ठेवला नाही तर दुसरे कोण ठेवणार? गुरुजींनी दोघांचीही बाजू राखली. सभा होऊ दिली, पण पोराच्या हातात मिरवायची वस्तू दिली नाही. वाचायची वस्तू दिली. पुस्तक हातात घेतले की डोक्यात हवा जात नाही, आपल्याला अजून किती कळायचे आहे ते कळते.

त्या पुस्तकाने काय केले ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. भीमरावने ते मन लावून वाचले. घरी रामायण-महाभारत वाचले जाई, वडिलांचा तसा शिरस्ता होता. बुद्धाचे चरित्र वाचल्यावर त्या पोराला प्रश्न पडू लागले, वडिलांनी आपल्याला बुद्धाची ओळख का करून दिली नाही असे त्याने बापालाच विचारले. केळुस्करांच्या त्या पुस्तकामुळे आपण बुद्धाकडे वळलो, असे बाबासाहेबांनी शेवटच्या वर्षी लिहून ठेवले. सत्कारात दिलेले एक पुस्तक जवळजवळ पन्नास वर्षे माणसाच्या मनात राहिले आणि शेवटी लाखो लोकांना घेऊन दीक्षाभूमीवर पोचले.

पण आम्हांला गुरुजी थोर वाटतात ते एवढ्यासाठीच नाही. पुस्तक देऊन ते मोकळे झाले असते, तरी त्यांचे नाव राहिले असते. ते मोकळे झाले नाहीत. भीमराव १९०८ साली एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. मधे आजारपणाने वर्ष वाया गेले. इंटर पास होईपर्यंत सुभेदारांची सगळी पुंजी संपली. आता शिक्षण थांबते की काय अशी वेळ आली. तेव्हा केळुस्कर गुरुजी पुन्हा उभे राहिले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी मुंबईच्या टाऊन हॉलच्या सभेत, लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी आपण मदत करू, असे जाहीर केले होते. गुरुजींनी ते लक्षात ठेवले आणि भीमरावची महाराजांशी गाठ घालून दिली. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे पसंत पडली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या शिष्यवृत्तीवर भीमरावने १९१२ साली बी. ए. ची परीक्षा दिली आणि तो पास झाला. १९१३ साली वडील वारले. त्याच वर्षी महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेला.

पुढे १९१७ साली डॉक्टर साहेब करारापोटी बडोद्याला नोकरीला गेले, तिथे अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, पारशी खाणावळीतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. हे सगळे आपण व्याख्यानांत ऐकतो. पण त्या वेळीही केळुस्कर गुरुजींनी खटपट केली हे फारसे कुणी सांगत नाही. त्यांनी बडोद्यातल्या आपल्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना लिहून त्यांच्या घरी डॉक्टर साहेबांची सोय करायचा प्रयत्न केला. ऐन वेळी त्या प्राध्यापकांच्या घरातून विरोध झाला आणि सोय झाली नाही. खटपट फसली. तरी आम्ही ती मोठी मानतो. बागेतल्या बाकावर ओळख झाली त्याला दहा-बारा वर्षे होऊन गेली होती. पोर आता अमेरिकेहून शिकून आलेला विद्वान झाला होता. तरी गुरुजींनी त्याला अंतर दिले नाही.

केळुस्कर गुरुजी १४ ऑक्टोबर १९३४ रोजी वारले. त्यानंतर बरोबर बावीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि आपल्याला दिली. तारीख तीच पडली हा योगायोग आहे. आपण योगायोगात दैव शोधत नाही. पण दर १४ ऑक्टोबरला दीक्षा आठवताना या मास्तरांनाही आठवावे, एवढे तरी त्यांचे आपल्यावर ऋण आहे.

आता हे चरित्र वाचून आपण काय घ्यायचे? आम्ही काही विद्वान नाही. गिरणीत काम करता करता, युनियनच्या आणि विहाराच्या कामात जे वाचले-ऐकले त्यावर बोलतो. पण बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे. त्या पारमितांत शील आहे आणि वीर्य आहे. वीर्य म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न, म्हणजे कष्ट. टक्केवारी नावाची पारमिता कुठेही नाही. मग बुद्धविहारातला गौरव टक्केवारीवरच का अडावा?

खैराणी रोडच्या गाळ्यांत दिवसभर काम करून रात्रशाळेत जाणारा मुलगा ४५ टक्क्यांनी पास होतो. आई धुण्याभांड्याला जाते म्हणून धाकट्या भावंडांना सांभाळून, नळावरचे पाणी भरून, मग अभ्यासाला बसणारी मुलगी एका विषयात नापास होते आणि पुन्हा फॉर्म भरून पास होते. शेजारी कॉपी चालू असताना जो आपल्याला येते तेवढेच लिहून उठतो, त्याने पंचशील पाळलेले असते. ही पोरे आपल्या यादीत येत नाहीत, कारण ती आपल्याला दिसत नाहीत. ती मार्कलिस्टमध्ये दिसायची नाहीत. केळुस्कर गुरुजींसारखे बागेत जाऊन बसले तरच दिसतील.

म्हणून आमची मंडळाला आणि सर्व पालकांना हात जोडून विनंती आहे. पहिली गोष्ट, सत्काराची यादी निकालाच्या दिवशी करू नका, वर्षभर करा. विहारात रोज वाचायला कोण येते, शाळा कोण बुडवत नाही, घरी कोण हातभार लावते, हे महिलामंडळाच्या आयाबायांना आमच्यापेक्षा जास्त माहीत असते. त्यांना विचारा. चांगल्या मार्कांच्या मुलांचा सत्कार जरूर करा, पण त्यांच्याच बरोबरीने, त्याच स्टेजवर, शील आणि कष्टासाठीही दोन-चार मुलांची नावे घ्या. आणि नाव घेताना त्या मुलाने काय केले ते चार वाक्यांत सांगा, म्हणजे बसलेल्या पोरांना कळेल की कशाला मान आहे.

दुसरी गोष्ट, ट्रॉफीच्या पैशात पुस्तक येते. पण गठ्ठ्याने एकच पुस्तक आणून सगळ्यांना वाटू नका. त्या मुलाला काय वाचायची आवड आहे ते विचारून त्याला साजेसे पुस्तक द्या, पहिल्या पानावर त्याचे नाव आणि तारीख लिहा. महिन्याने त्याला विचारा की वाचलेस का, काय कळले. देणाऱ्याने स्वतः वाचलेले असेल तर फार उत्तम. गुरुजींनी दिले ते पुस्तक तर त्यांनी स्वतः लिहिलेले होते!

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ज्याचा सत्कार केला त्याला सोडू नका. दहावीनंतर कुठली वाट धरायची, जातीचा दाखला आणि जात पडताळणी वेळेत कशी करायची, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म कसा आणि कधी भरायचा, परदेशी जायची कुवत असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची सरकारी शिष्यवृत्ती आहे, हे त्याला कोण सांगणार? घरात आईबाप शिकलेले नसतात. एक फॉर्म चुकला की वर्षभराची फी अंगावर येते आणि पोर शिक्षण सोडून गाळ्यात लागते. आपल्या वस्तीत आता शिकलेली, नोकरीला लागलेली पिढी आहे. एकाने एक पोर धरले आणि पदवी होईपर्यंत सोडले नाही, तर आपल्याला दुसरा गुणगौरव करायची गरज उरणार नाही. सयाजीराव महाराजांसारखी शिष्यवृत्ती आपण देऊ शकत नाही. पण शिष्यवृत्ती कुठे आहे ते ध्यानात ठेवून पोराला तिथवर नेणे, हे केळुस्कर गुरुजींचे काम आपल्यातला कुणीही करू शकतो. त्याला श्रीमंती लागत नाही, नजर आणि चिकाटी लागते.

मुलांनो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. बागेत वाचत बसलेल्या भीमरावला कुणी बघते आहे हे ठाऊक नव्हते. तो कुणाला दाखवण्यासाठी वाचत नव्हता. तुमचे नाव स्टेजवरून पुकारले गेले तर आनंद माना, पण सुभेदार रामजींचा इशारा विसरू नका. आणि नाव पुकारले गेले नाही तरी नाउमेद होऊ नका. ७५० पैकी २८२ हे आकडे पाठ करून ठेवा. परीक्षेचे मार्क परीक्षेपुरते असतात. रात्री दोनला उठायची सवय आणि सरळ वागणूक जन्मभर पुरते.

येत्या वर्षी आपल्या विहाराच्या गुणगौरवात केळुस्कर गुरुजींच्या नावाने शील आणि कष्टाचा एक वेगळा सत्कार सुरू व्हावा, अशी सूचना आम्ही या स्मरणिकेतून मांडत आहोत. सर्वांनी तिचा विचार करावा.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!